साउथवर्कची टॅबर्ड सराई आणि तिचे मालक-चालक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनच्या साउथवर्क भागातील टॅबर्ड ही सराई आज अस्तित्वात नाही. तरीही इंग्रजी साहित्याचे विद्यार्थी, लंडनला जाणारे प्रवासी आणि जुन्या शहरांच्या इतिहासात रस असलेले वाचक तिच्याविषयी सातत्याने विचारणा करत असतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एकच माहिती दोनदा येऊ नये म्हणून आवश्यक तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. टॅबर्ड म्हणजे नेमके काय आणि ते कोठे होते?

टॅबर्ड ही थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर, बरो हाय स्ट्रीट या हमरस्त्याच्या पूर्वेस असलेली मोठी सराई होती. लंडन ब्रिज उतरून कँटरबरी आणि डोव्हरकडे जाणारा रस्ता तिच्या दारावरून जात असे. १४व्या शतकाच्या आरंभापासून १९व्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत, म्हणजे साडेपाचशेहून अधिक वर्षे, त्या जागेवर प्रवाशांना उतरवून घेण्याचा धंदा चालू होता. या काळात इमारत बदलली (प्रश्न १३) आणि नावही बदलले (प्रश्न १२). १४व्या शतकातील कवी जेफ्री चॉसर याच्या ‘कँटरबरी टेल्स’ या काव्यातील, कँटरबरीच्या संत थॉमस बेकेटच्या समाधीला निघालेले यात्रेकरू येथे जमतात आणि येथूनच निघतात, म्हणून तिचे नाव जगभर पोहोचले.

२. ही सराई होती की पब? दोन्ही शब्द वाचायला मिळतात.

आजच्या बोलण्यात दारू मिळणाऱ्या कोणत्याही जुन्या इंग्रजी जागेला पब म्हटले जाते, परंतु पूर्वी तेथे तीन वेगळे धंदे होते. घरी केलेली एल (धान्यापासूनचे मद्य, प्रश्न ९) विकणारी छोटी जागा हा पहिला प्रकार, वाइन पाजणारी टॅव्हर्न हा दुसरा, आणि ज्या ठिकाणी माणसाला खोली, जेवण व पेय आणि घोड्याला तबेला व दाणा-वैरण मिळे, ती सराई हा तिसरा. टॅबर्ड या तिसऱ्या वर्गातली होती. आपल्याकडच्या धर्मशाळेशी तिची तुलना करून अनेक वाचक प्रश्न विचारतात. यात्रेकरू उतरत हे साम्य खरे आहे. पण टॅबर्डमध्ये खोलीपासून वैरणीपर्यंत प्रत्येक गोष्टीचे पैसे मोजावे लागत, आणि व्यापाऱ्यापासून खटल्यासाठी आलेल्या पक्षकारापर्यंत कोणालाही तेथे जागा मिळे.

३. ती कोणी आणि कशासाठी बांधली?

विंचेस्टर येथील हाइड मठाच्या अधिपतीने. मठांच्या प्रमुखांना राजदरबाराच्या, संसदेच्या आणि न्यायालयांच्या कामासाठी वारंवार लंडनला यावे लागे, आणि प्रत्येक खेपेस परक्या घरी उतरण्यापेक्षा स्वतःची वास्तू असणे सोयीचे होते. त्यासाठी मठाने साउथवर्कमध्ये जागा घेतली. तेथे मठाधिपतीचे निवासस्थान उभे राहिले आणि त्याला लागून सर्वसामान्य प्रवाशांसाठी सराई चालू झाली. हिच्या स्थापनेचे वर्ष म्हणून सामान्यतः १३०७ दिले जाते. विंचेस्टरच्या बिशपचा वाडाही साउथवर्कमध्ये नदीकाठीच होता. त्याची गोल गवाक्ष असलेली भग्न भिंत आजही उभी आहे. साउथवर्क ही त्या काळी विंचेस्टरच्या धर्मसत्तेची लंडनच्या उंबरठ्यावरची वस्ती होती असे म्हटल्यास चूक होणार नाही.

४. ‘लँडलॉर्ड’ म्हणजे सराईचा मालकच ना?

नेहमीच नाही, आणि टॅबर्डच्या इतिहासातला सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. इंग्लंडमध्ये पबचा लँडलॉर्ड म्हणजे गल्ल्यामागे उभा राहून जागा चालवणारा माणूस. जमीन आणि इमारत बहुधा दुसऱ्याच कोणाची असते आणि चालक ती भाडेपट्ट्याने घेतो. टॅबर्डच्या बाबतीत आधी मठ मालक होता, नंतर खासगी व्यक्ती मालक झाल्या. पाहुण्यांचे स्वागत करणारा चालक वेगळा होता. इंटरनेटवर फिरणाऱ्या याद्यांमध्ये या दोन्ही प्रकारची नावे एकाच रांगेत लावलेली असतात आणि त्यामुळे मठाधिपती हा हॅरी बेलीचा (चॉसरच्या काव्यातला सराईवाला, प्रश्न ६) पूर्वसुरी असल्यासारखे वाटू लागते.

कायद्याने मात्र हा फरक स्पष्टपणे पाळला होता. सराईत उतरलेल्या प्रवाशाचे सामान चोरीस गेल्यास त्याची भरपाई सराईवाल्याने करावी, हा इंग्लंडचा जुना रिवाज होता आणि १५८४ सालच्या एका प्रसिद्ध निवाड्याने तो पक्का केला. ही जबाबदारी होती ती चालकावर, जमीनमालकावर नव्हे. वाटसरूंनी गजबजलेल्या रस्त्यावर रात्री कोणाला आत घ्यायचे आणि किल्ल्या कोणाच्या हाती द्यायच्या, हे ठरवणारा माणूस पक्क्या नजरेचा असावा लागे.

५. साउथवर्कमध्येच एवढ्या सराया का होत्या?

पुलामुळे. १२०९ साली पूर्ण झालेला दगडी लंडन ब्रिज हा पुढची कित्येक शतके लंडन शहरात नदी ओलांडण्याचा एकमेव पूल होता. वेस्टमिन्स्टरचा पूल १७५० मध्ये खुला झाला. दक्षिणेकडून येणारी सगळी माणसे, गुरे आणि गाड्या बरो हाय स्ट्रीटवर येऊन मिळत. पुलाचे दरवाजे रात्री बंद होत, त्यामुळे उशिरा पोहोचलेल्यांना अलीकडेच मुक्काम करावा लागे, आणि पहाटे दक्षिणेला निघायचे असेल तर आदल्या संध्याकाळीच पूल ओलांडून येणे शहाणपणाचे ठरे. साउथवर्क दीर्घकाळ शहराच्या पूर्ण अंमलाबाहेर राहिले, म्हणून शहरात नको असलेले धंदेही तेथे फोफावले. जॉन स्टो या इतिहासकाराने १५९८ मध्ये लंडनचे वर्णन प्रसिद्ध केले तेव्हा या एकाच रस्त्यावरच्या स्पर, ख्रिस्तोफर, बुल, क्वीन्स हेड, टॅबर्ड, जॉर्ज, हार्ट, किंग्ज हेड अशा सरायांची नावे ओळीने दिली, आणि त्यांत टॅबर्ड सर्वांत जुनी असल्याचे नमूद केले.

६. हॅरी बेली हा खरा माणूस होता की चॉसरची कल्पना?

त्या नावाचा सराईवाला साउथवर्कमध्ये खरोखर होता. १३८०-८१ च्या डोईपट्टीच्या नोंदींत ‘हेन्री बेलिफ, ऑस्टलर’, म्हणजे सराईवाला, आणि त्याची पत्नी ख्रिश्चन अशी नोंद असून त्यांच्या नावावर दोन शिलिंग कर लागलेला आहे. त्या वर्षीची डोईपट्टी पंधरा वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीमागे सरासरी एक शिलिंग होती, आणि गावातल्या सधनांनी अधिक भरून गरिबांचा भार उचलावा अशी अपेक्षा होती. बेली दांपत्याची रक्कम बरोबर सरासरीएवढी येते.

आकारणी मध्यम असली तरी गावातले त्याचे वजन मध्यम नव्हते. १३७६ आणि १३७८ अशा दोन संसदांत त्याने साउथवर्कचे प्रतिनिधित्व केले. यांतली दुसरी संसद ग्लॉस्टर येथे भरली होती. कराच्या हिशेब-तपासणीचे कामही त्याच्याकडे होते. हीच डोईपट्टी १३८१ च्या जूनमधील शेतकऱ्यांच्या बंडाला कारण झाली, आणि केंटमधून निघालेले बंडखोर साउथवर्कमधून पुलाकडे गेले, जाताना त्यांनी मार्शलसीचा तुरुंग फोडला. कर देणारा, कराशी संबंधित सरकारी काम पाहणारा आणि ज्यांनी करापायी हत्यार उचलले त्यांच्या रस्त्यावर धंदा करणारा, असा हा माणूस होता. काव्यातल्या बेलीला सर्व थरांतल्या माणसांशी बोलण्याची जी हातोटी आहे, ती या पार्श्वभूमीवर अगदी विश्वसनीय वाटते.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. डोईपट्टीच्या नोंदीत सराईचे नाव नाही. बेली आणि टॅबर्ड यांना एकत्र आणते ते काव्य. दुसरे असे, की काव्यातल्या सराईवाल्याच्या भांडखोर पत्नीचा उल्लेख गुडलीफ या नावाने येतो, तर नोंदीतील पत्नीचे नाव ख्रिश्चन आहे. चॉसरने खऱ्या माणसाचे नाव आणि पेशा घेतला, पण त्याचा संसार आपल्या सोयीने रंगवला, असे मी यावरून समजतो.

७. काव्यातला बेली सराईवाला म्हणून कसा दिसतो? अभ्यासक्रमात प्रस्तावनेचाच भाग आहे, तेवढ्यावरून सांगा.

प्रस्तावनेत त्याचे नाव येतच नाही. तेथे तो केवळ ‘यजमान’ आहे. ‘हॅरी बेली’ हे नाव पुढे यात्रेकरूंमधल्या आचाऱ्याच्या तोंडी, त्याच्या कथेच्या आधीच्या संवादात येते. परीक्षेत हा बारकावा अनेकांकडून निसटतो.

प्रस्तावनेतला यजमान धिप्पाड आहे, त्याचे डोळे तेजस्वी आहेत आणि बोलणे धीट पण शहाणपणाचे आहे. एखाद्या मोठ्या वाड्यातल्या पंगतीची व्यवस्था पाहण्यास शोभावा असा तो आहे, असे चॉसर सांगतो. एकोणतीस जणांचा जथा संध्याकाळी येतो, खोल्या आणि तबेले प्रशस्त आहेत, जेवण उत्तम आणि वाइन कडक आहे. त्यानंतरचा एक छोटा तपशील मला या सबंध चित्रणातला सर्वांत खरा वाटतो. यजमान गमतीजमती सुरू करतो, कथांच्या स्पर्धेची कल्पना मांडतो, पण ते सगळे पाहुण्यांनी आपापला हिशेब चुकता केल्यानंतर. मुरलेल्या धंदेवाल्याचा हा क्रम चॉसरने जवळून पाहिला असला पाहिजे.

स्पर्धेच्या अटीही अशाच पाहण्याजोग्या आहेत. प्रत्येकाने जाताना दोन आणि येताना दोन कथा सांगायच्या, आणि सर्वोत्तम कथेला बक्षीस म्हणून बाकी सर्वांच्या खर्चाने रात्रीचे जेवण, तेही याच ठिकाणी, याच खांबाजवळ बसून. म्हणजे परतीच्या वेळी संपूर्ण जथा पुन्हा टॅबर्डमध्येच जेवणार याची तजवीज त्याने आधीच करून ठेवली. स्वतः तो स्वखर्चाने सोबत निघतो आणि जो त्याचा निर्णय मानणार नाही त्याने वाटेतला सगळा खर्च भरायचा, असे ठरते. प्रस्तावनेपलीकडे, आचाऱ्याशी होणाऱ्या संवादात तो दोनदा तापवून दोनदा गार झालेल्या ‘पाय’ (सारण भरून भाजलेला इंग्रजी पदार्थ) विकल्याबद्दल आचाऱ्याला टोमणा मारतो. त्यावर आचारी, आपण एका सराईवाल्याची गोष्ट पुढे सांगू, असा दम भरतो. एकाच गिऱ्हाइकावर पोट असलेल्या दोन व्यावसायिकांची ही चकमक आहे.

८. चॉसर १३८३ मध्ये टॅबर्डमध्ये उतरला होता, असे एका जुन्या पाटीवर लिहिलेले होते. ते खरे आहे का?

अशी पाटी होती, पण ती पुरावा म्हणून वापरता येत नाही. सराईसमोर रस्त्यावर आडव्या तुळईला टांगलेल्या त्या फलकावर, सर जेफ्री चॉसर आणि एकोणतीस यात्रेकरू कँटरबरीच्या वाटेवर १३८३ साली येथे राहिले, अशा आशयाचा मजकूर होता. चॉसरला ‘सर’ ही पदवी कधीच मिळाली नव्हती, आणि ‘कँटरबरी टेल्स’ची रचना साधारणतः १३८७ च्या सुमारास सुरू झाली असे मानले जाते. ती पाटी काव्याच्या कीर्तीवर गिऱ्हाईक वाढवू पाहणाऱ्या नंतरच्या चालकांची जाहिरात होती. १८व्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या रस्त्यांवरच्या लोंबत्या पाट्या काढल्या गेल्या तेव्हा तीही गेली.

चॉसरला साउथवर्क ठाऊक होते यात शंका घेण्याचे कारण नाही. १३७४ पासून तो लंडन बंदराच्या जकात खात्यात अधिकारी होता, १३८६ मध्ये केंटतर्फे संसदेत गेला, आणि त्याचा कविमित्र जॉन गॉवर साउथवर्कमध्येच राहत असे. गॉवरची समाधी आजच्या साउथवर्क कॅथीड्रलमध्ये पाहता येते.

९. तेथे काय प्यायला मिळे? आजची बिअरच का?

नाही. चॉसरच्या काळात इंग्लंडात सर्वत्र मिळे ती एल, मोड आणून भाजलेल्या धान्यापासून, बहुतेकदा हॉप्स (बिअरमध्ये घालायची एका वेलीची कडवट फुले) न घालता केलेली. ती फार दिवस टिकत नसे. हॉप्स घातलेली, अधिक टिकाऊ बिअर आजच्या नेदरलँड्स-बेल्जियमच्या भागातून आली आणि पुढच्या शतकात रुजली. साउथवर्कची एल प्रसिद्ध होती, आणि काव्यातला गिरणीवाला आपल्या तोंडून काही वावगे गेल्यास त्याचा दोष साउथवर्कच्या एलला द्या, असे आधीच बजावून ठेवतो. केंटच्या मळ्यांतून येणाऱ्या हॉप्सची मोठी बाजारपेठ पुढे याच भागात वसली. साउथवर्क स्ट्रीटवरचा हॉप एक्स्चेंज १८६७ मध्ये उघडला आणि ती इमारत अजून आहे.

१०. मठ बंद झाल्यावर टॅबर्डचे काय झाले?

१५३८ हे वर्ष या सराईला दोन्ही बाजूंनी आदळले. आठव्या हेन्रीच्या मठविसर्जनात हाइडचा मठ त्याच सुमारास संपुष्टात आला आणि मालक गेला. त्याच वर्षी कँटरबरीतील संत थॉमस बेकेटचे समाधिस्थान उद्ध्वस्त करण्यात आले आणि ज्या यात्रेवर सराईचे नाव झाले होते ती यात्राही थांबली. बेकेटची हत्या ११७० ची. त्याच्या दर्शनाला साडेतीन शतकांहून अधिक काळ लोक जात होते. तरीही धंदा बुडाला नाही, कारण डोव्हरचा रस्ता व्यापाऱ्यांनी, सैनिकांनी आणि परदेशी जाणाऱ्यांनी भरलेलाच राहिला.

मालमत्ता राजाकडून जॉन आणि थॉमस मास्टर यांच्याकडे गेली. त्या दस्तऐवजात सराईबरोबर मठाधिपतीचे घर, तबेले आणि बाग यांचा स्वतंत्र उल्लेख आहे, त्यावरून दोन्ही वास्तू तोवर उभ्या होत्या हे कळते. त्यानंतरचे ठळक नाव प्रेस्टन यांचे. चॉसरच्या समग्र काव्याचा संपादक थॉमस स्पेट याने १६व्या शतकाच्या अखेरीस नोंदवले, की काळाच्या ओघात मोडकळीस आलेली टॅबर्ड आता श्री. जे. प्रेस्टन यांनी लगतच्या मठाधिपतीच्या घरासह दुरुस्त केली असून पाहुण्यांसाठी सोयीच्या खोल्या पुष्कळ वाढवल्या आहेत. सराईच्या इतिहासात बेलीइतकेच श्रेय प्रेस्टन यांना द्यायला हवे, असे माझे ठाम मत आहे. यात्रा बंद पडून दोन पिढ्या उलटल्यावर खोल्या वाढवण्याची हिंमत त्यांनी केली.

११. टॅबर्ड १६६६ च्या लंडनच्या महाआगीत जळाली ना?

नाही, ही फार जणांची समजूत आहे. १६६६ ची आग नदीच्या उत्तरेला राहिली. टॅबर्ड जळाली ती साउथवर्कच्या स्वतंत्र आगीत, २६ मे १६७६ रोजी. त्या दिवशी पहाटे पेटलेली आग सुमारे सतरा तास चालली आणि सुमारे पाचशे घरे जळाली किंवा आग पसरू नये म्हणून सुरुंगाच्या दारूने उडवून देण्यात आली. राजा दुसरा चार्ल्स स्वतः नावेतून पुलाच्या पायथ्याशी आला होता. शेजारच्या सरायाही या आगीत सापडल्या; जॉर्ज पुढच्याच वर्षी पुन्हा बांधली गेली (प्रश्न १५).

१२. टॅबर्डचे टॅलबट कसे झाले?

आगीनंतर नवी इमारत झाली तेव्हा दारावर टॅबर्डऐवजी टॅलबटचे चित्र लागले. टॅबर्ड म्हणजे राजदूत आणि भाट घालत तो बाह्यांविना, दोन्ही बाजूंनी मोकळा असलेला अंगरखा. टॅलबट ही शिकारी कुत्र्याची जात. बहुतेक गिऱ्हाइकांना वाचता येत नसल्याने चित्र हीच सराईची ओळख असे. जॉन ऑब्री या समकालीन संशोधकाने या बदलाचे खापर अडाणी मालकावर किंवा भाडेकरूवर फोडले आहे. मला हा निवाडा कठोर वाटतो. राख झालेली जागा पुन्हा उभी करणाऱ्या माणसाला तीनशे वर्षांपूर्वीच्या अंगरख्यापेक्षा रस्त्यावरच्या प्रत्येकाला ओळखू येईल असा कुत्रा अधिक उपयोगी वाटला असेल, तर त्यात अडाणीपणापेक्षा व्यवहार अधिक दिसतो.

१३. लाकडी सज्जांची जी जुनी चित्रे दिसतात, ती चॉसरच्या टॅबर्डची आहेत का?

नाहीत. १८व्या-१९व्या शतकांतल्या चित्रांमध्ये दिसणारे लांबट आवार, त्याच्या भोवतीचे लाकडी सज्जे आणि खाली उभ्या मालवाहू गाड्या हे सगळे १६७६ नंतरच्या इमारतीचे आहे. बेलीच्या काळची वास्तू, प्रेस्टन यांनी वाढवलेली वास्तू आणि आगीनंतरची वास्तू अशा किमान तीन अवस्था डोळ्यांपुढे ठेवाव्यात. पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर तिसरीचे चित्र पहिलीच्या नावाने सर्रास छापले जाते.

१४. मग एवढी जुनी सराई बंद का पडली?

रेल्वेमुळे. लंडन ब्रिज स्थानक १८३६ मध्ये, टॅबर्डपासून हाकेच्या अंतरावर सुरू झाले, आणि पुढच्या दोन दशकांत घोडागाडीच्या प्रवासाचे जाळेच विरले. ज्या प्रवासाला वाटेत मुक्काम करावा लागे तो काही तासांवर आला. आवाराचा उपयोग गाड्या उभ्या करण्यासाठी, माल उतरवण्यासाठी आणि कोठारांसाठी होऊ लागला. खोल्यांना गिऱ्हाईक उरले नाही आणि लाकूडकामाची देखभाल परवडेना. अखेर १८७० च्या दशकात इमारत पाडली गेली. बहुतेक ठिकाणी त्यासाठी १८७३ हे वर्ष दिलेले आढळते.

पाडण्याला कायद्याने कोणतीच आडकाठी नव्हती. जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी विल्यम मॉरिसने स्थापलेली संस्था १८७७ ची, आणि प्राचीन स्मारकांचा पहिला ब्रिटिश कायदा १८८२ चा. जुन्या लंडनच्या अवशेषांची छायाचित्रे काढणारे मंडळ १८७५ मध्ये एका दुसऱ्याच सराईच्या निमित्ताने सुरू झाले आणि पुढे त्याने साउथवर्कच्या उरलेल्या सरायांची देखणी छायाचित्रे घेतली. टॅबर्ड थोडक्यात हुकली, याची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही.

१५. शेजारची ‘जॉर्ज’ सराई वाचली, ती कशी?

तीही पूर्ण वाचलेली नाही. आगीनंतर १६७७ मध्ये बांधलेली जॉर्ज ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने मालाच्या कामासाठी घेतली आणि १८८९ मध्ये तिच्या मधल्या व उत्तरेकडच्या बाजू पाडून टाकल्या. दक्षिणेची एकच बाजू उरली, आणि १९३७ मध्ये तेव्हाच्या रेल्वे कंपनीने ती जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या स्वाधीन केली. लंडनमध्ये सज्जांची उरलेली ही एकमेव जुनी सराई असून आजही ती पब म्हणून चालते. टॅबर्डचा उत्तरकाळातला घाट कसा असेल हे अनुभवायचे असल्यास जॉर्जच्या आवारात उभे राहून वर पाहावे. त्याहून जवळचा पुरावा शहरात नाही.

१६. रस्त्यावरच्या इतर सरायांचे मालक-चालकही प्रसिद्ध होते का?

काहींचे होते. क्वीन्स हेड ही जॉन हार्वर्डला आईकडून वारशाने मिळालेली मालमत्ता होती. तो अमेरिकेला गेला आणि १६३८ मध्ये मरताना त्याने निम्मी संपत्ती व ग्रंथसंग्रह ज्या महाविद्यालयाला दिला, त्याला त्याचे नाव मिळाले. व्हाइट हार्टमध्ये १४५० च्या बंडाचा नेता जॅक केड याने तळ ठोकला होता. ती १८८९ मध्ये पाडली गेली. हार्वर्ड हा मालक होता, चालक नव्हे, हे प्रश्न ४ च्या संदर्भात लक्षात घ्यावे.

१७. आज तिथे गेल्यावर काय दिसते? टॅबर्ड स्ट्रीटवर शोधले, काही सापडले नाही.

टॅबर्ड स्ट्रीट ही ती जागा नव्हे. पूर्वीच्या केंट स्ट्रीटला १८७७ मध्ये ते नाव दिले गेले. यात्रेकरू त्या रस्त्याने पुढे जात हे खरे, पण सराई बरीच अलीकडे, पुलाच्या बाजूस होती. लंडन ब्रिज स्थानकातून बाहेर पडून बरो हाय स्ट्रीटने दक्षिणेकडे चालावे. डावीकडे जॉर्जचे आवार लागते आणि त्याच्याच पुढे टॅलबट यार्ड ही अरुंद गल्ली. सराईची जागा तीच. तेथे २००३ मध्ये एक निळी स्मृतिपट्टिका लावण्यात आली असून तिचे अनावरण अभिनेते-लेखक टेरी जोन्स यांनी केले. आगीनंतर दारावर लागलेले कुत्र्याचे नाव गल्लीला टिकून राहिले आहे.

पश्चिम लंडनमध्ये बेडफर्ड पार्क येथे टॅबर्ड नावाचा एक पब आहे, तोच हा का, असेही विचारले जाते. तो वास्तुरचनाकार नॉर्मन शॉ यांनी १८८० मध्ये बांधलेला स्वतंत्र पब आहे आणि साउथवर्कच्या सराईशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही.

१८. टॅलबटच्या काळातल्या चालकांची नावे शोधायची आहेत. कुठून सुरुवात करावी?

साउथवर्क १८८९ पर्यंत सरे परगण्यात होते ही गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी. केवळ लंडनच्या नावाखाली शोधल्यास निम्मे कागद हाती लागत नाहीत. दारू विकण्याच्या परवान्यांची पद्धत १५५२ च्या कायद्याने सुरू झाली, आणि १७५३ च्या कायद्याने परवानेदारांच्या हमीपत्रांची नोंदवही ठेवणे बंधनकारक झाले, ते १८२८ पर्यंत. त्यामुळे या पाऊणशे वर्षांत चालकाचे नाव मिळण्याची शक्यता सर्वाधिक असते. सन फायर ऑफिस या १७१० मध्ये स्थापन झालेल्या विमा कंपनीच्या नोंदवह्या लंडन आर्काइव्ह्जमध्ये आहेत. १९व्या शतकासाठी व्यावसायिक निर्देशिका आणि १८४१ पासूनची दर दहा वर्षांची नावनिहाय जनगणना उपयोगी पडते. जनगणनेत चालकाबरोबर त्या रात्री सराईत असलेले नोकर आणि पाहुणेही नोंदलेले असतात.

टॅलबट हे चित्र लंडनमध्ये इतर अनेक दारांवरही होते, म्हणून नुसत्या नावावर विसंबू नये. ‘बरो’ हा पत्ता आणि शेजारच्या जॉर्ज किंवा क्वीन्स हेडचा उल्लेख जुळतो का हे पाहावे. विम्याचा कागद मालकाच्या नावाने आणि परवाना चालकाच्या नावाने, अशी एकाच वर्षाची दोन वेगळी नावे सापडल्यास त्यांतले एक चुकीचे ठरवण्याची घाई करू नये. बहुतेक वेळा दोन्ही बरोबर असतात.